इस्ट्रोजेन रक्तदाब वाढवतं की उतरवतं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ४८, राहायला घणसोली, नोकरीसाठी रोज ठाण्याला लोकलनं ये-जा. वर्षभर पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, रात्री अंगातून वाफा येऊन झोप मोडते. आयुष्यभर बीपी ११०/७० च्या आसपास होतं आणि परवा सोसायटीतल्या शिबिरात १५२/९४ निघालं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी वाफांसाठी हॉर्मोनचा विषय काढला. मैत्रीण म्हणते, हॉर्मोननं बीपी चढतं, तिचं माला-डी या गर्भनिरोधक गोळीनं चढलं होतं. तुम्ही मात्र असं वाचलंत की इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या सैल करतं आणि ते कमी झालं म्हणूनच बीपी वाढलंय. मग हॉर्मोन घेतल्यावर बीपीची गोळी टळेल, की बीपी आणखी चढेल? आणि एकदा ती गोळी लागली की जन्मभर का?

तुमची मैत्रीण खरं सांगतेय आणि तुम्ही वाचलंत तेही खरं आहे. इस्ट्रोजेन शरीरात कुठल्या वाटेनं येतं, कुठल्या रूपात येतं आणि ज्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतं त्यांची अवस्था काय आहे, यावर त्याचा परिणाम ठरतो. मी ठाण्यात, नौपाड्यात फिजिशियन म्हणून काम करते. पंचेचाळीस ते पंचावन्न या वयातल्या बायकांचं नव्यानं वाढलेलं बीपी हा माझ्या ओपीडीतला रोजचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्यासाठी नेमकं काय योग्य, हे तुम्ही न लिहिलेल्या काही गोष्टींवर अवलंबून आहे. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का? पायात रक्ताची गाठ, पक्षाघात, हृदयविकार किंवा स्तनाचा कर्करोग तुम्हाला स्वतःला कधी झालाय का? साखर किती, वजन किती, तंबाखू-मिश्री लावता का? आई-वडिलांपैकी कोणाचं बीपी कोणत्या वयात सुरू झालं? ही उत्तरं डॉक्टरांपुढे ठेवा. विशेषतः गरोदरपणातलं बीपी. पहिल्या बाळाच्या वेळी 'बीपी वाढलं म्हणून सिझर केलं' ही गोष्ट बायका वीस वर्षांनी विसरलेल्या असतात आणि कोणी मुद्दाम विचारल्याशिवाय ती समोर येत नाही. तेव्हा ज्यांचं बीपी वाढलं होतं, त्यांना पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाब होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते.

आता मूळ यंत्रणा. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, एंडोथेलियम. कित्येक वर्षं त्याला नुसतं अस्तर समजत होते. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर दाखवून दिलं की ठरावीक रसायन दिल्यावर धमनी सैल होते, पण हा थर शाबूत असेल तरच. तो खरवडला गेला की तेच रसायन धमनी सैल करत नाही. म्हणजे हा थर स्वतः काहीतरी सोडतो आणि त्यानं बाहेरचा स्नायू सैलावतो. ते 'काहीतरी' नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू आहे, हे पुढे सिद्ध झालं आणि १९९८ चं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं.

इस्ट्रोजेनचं काम याच थरात चालतं. या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखून पकडणारी प्रथिनं, असतात. इस्ट्राडायॉल, म्हणजे अंडाशयातून येणारं मुख्य इस्ट्रोजेन, त्यांना लागलं की दोन वेगांनी परिणाम होतो. एक अगदी काही मिनिटांत: नायट्रिक ऑक्साइड तयार करणारं एन्झाइम जागं होतं आणि धमनी सैल पडते. दुसरा तासांनी-दिवसांनी: ते एन्झाइम पेशीत जास्त प्रमाणात तयार व्हायला लागतं. सोबत प्रोस्टासायक्लिन हे आणखी एक वाहिनी सैल करणारं द्रव्य वाढतं, वाहिनी आवळणारं एंडोथेलिन कमी होतं आणि अँजिओटेन्सिन या बीपी चढवणाऱ्या हॉर्मोनला धमनीचा प्रतिसादही थोडा मंदावतो. पाळी येणाऱ्या स्त्रीच्या दंडातली धमनी रक्ताचा ओघ वाढल्यावर किती फुलते, हे अल्ट्रासाउंडवर मोजता येतं. महिन्याच्या ज्या दिवसांत इस्ट्राडायॉल वर असतं, तेव्हा ती जास्त फुलते.

याचा सगळ्यात बोलका पुरावा एका पुरुषाच्या शरीरातून मिळाला. १९९४ मध्ये २८ वर्षांच्या एका माणसाची नोंद वैद्यकीय साहित्यात आली. त्याच्या जनुकातल्या दोषामुळे इस्ट्रोजेनचा मुख्य रिसेप्टर कामच करत नव्हता. रक्तात इस्ट्रोजेन भरपूर होतं, पण शरीराला ते ओळखता येत नव्हतं. पुढे १९९७ मध्ये त्याच्या रक्तवाहिन्या तपासल्या तेव्हा दंडातली धमनी ओघ वाढल्यावर फुलत नव्हती आणि ऐन तिशीत त्याच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम साचलेलं दिसलं. एका माणसावरून सगळं ठरवता येत नाही हे मान्य, पण रक्तवाहिनीला इस्ट्रोजेन लागतं आणि ते पुरुषालाही लागतं, हे इतकं स्पष्टपणे दुसरीकडे दिसत नाही.

इथपर्यंत तुम्ही वाचलेलं बरोबर. आता मैत्रिणीचं.

तोंडानं घेतलेली कुठलीही गोळी आतड्यातून शोषली गेली की आधी यकृतात जाते आणि मग उरलेल्या शरीरात. त्यामुळे इस्ट्रोजेनची गोळी घेतली की यकृताला त्याचा मोठा लोंढा एकदम मिळतो. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन थेट रक्तात मिसळतं, म्हणून यकृताला असा मारा कधी सोसावा लागत नाही. या माऱ्यानं यकृत काही प्रथिनं जास्त बनवायला लागतं. त्यातलं एक अँजिओटेन्सिनोजेन. नाव अवघड आहे, पण काम सोपं: मूत्रपिंडातून येणारं रेनिन याच प्रथिनापासून अँजिओटेन्सिनची साखळी सुरू करतं, आणि अँजिओटेन्सिन धमन्या आवळतं, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. रक्त गोठवणारे घटकही याच वाटेनं वाढतात. गर्भनिरोधक गोळ्या, बीपी आणि रेनिन-अँजिओटेन्सिन यांचा हा संबंध अमेरिकेतल्या जॉन लॅराघ यांच्या गटानं १९६७ मध्येच मांडला होता.

गर्भनिरोधक गोळ्यांत बहुधा इथिनिल इस्ट्राडायॉल असतं. हे कारखान्यात बनवलेलं रूप यकृतात सहजी मोडत नाही, म्हणून मायक्रोग्रॅमच्या मात्रेतही यकृतावर त्याचा जोरदार परिणाम होतो. माला-डीच्या गोळीत ते ३० मायक्रोग्रॅम असतं. बहुतेकींचं बीपी त्यानं दोन-चार अंकांनीच हलतं आणि त्यांना कळतही नाही. काही जणींचं मात्र चांगलंच चढतं, आणि गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतं. तुमच्या मैत्रिणीचं हेच झालं असणार. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात की वरचं बीपी १४० ते १५९ असेल तर अशी इस्ट्रोजेन असलेली मिश्र गोळी सहसा देऊ नये आणि १६०/१०० किंवा त्यापुढे असेल तर अजिबात देऊ नये.

मात्रा किती महत्त्वाची, हेही एका जुन्या प्रयोगातून कळतं. बायकांना हृदयविकार उशिरा होतो तो इस्ट्रोजेनमुळे, म्हणून ते पुरुषांना दिलं तर त्यांनाही वाचवेल, असा विचार १९६० च्या दशकात झाला. अमेरिकेतल्या 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट'मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना रोज ५ मिलिग्रॅमपर्यंत इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या. त्या गटात झटके आणि रक्ताच्या गाठी वाढल्या आणि १९७० मध्ये तो डोस थांबवावा लागला. रक्तवाहिनी सैल करणारं हेच हॉर्मोन, पण भरपूर मात्रेत, तोंडावाटे आणि आधीच किटण साचलेल्या धमन्यांत गेलं.

रजोनिवृत्तीनंतरच्या हॉर्मोनबद्दलची भीती २००२ सालची. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासात १६,६०८ स्त्रिया होत्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हॉर्मोन) एकत्र देणारा भाग सरासरी ५.२ वर्षांनी मुदतीआधी थांबवला, कारण स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि गाठी वाढलेल्या दिसल्या. बातमी जगभर गेली आणि एका रात्रीत बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. पण त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहाएक वर्षं झाली होती, आणि दिलेलं औषध तोंडावाटेच होतं. बीपीपुरतं बोलायचं तर गोळी घेणाऱ्यांचं वरचं बीपी न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी एक-दीड अंकानंच जास्त राहिलं. हा आकडा मी माझ्या पेशंटना मुद्दाम सांगते, कारण भीती त्याच्या कितीतरी पट असते.

वेळेचा प्रश्न नंतर 'एलिट' नावाच्या अभ्यासात नीट तपासला गेला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६४३ स्त्रिया होत्या, एका गटात पाळी जाऊन सहा वर्षांच्या आतल्या, दुसऱ्यात दहा किंवा जास्त वर्षं झालेल्या. लवकर सुरू केलेल्या गटात मानेतल्या धमनीची भिंत जाड होण्याचा वेग इस्ट्राडायॉलनं कमी झाला; उशिरा सुरू केलेल्यांत काहीच फरक पडला नाही. कारण कळण्यासारखं आहे. धमनीत चरबीचा थर बसला, आतला थर खराब झाला की इस्ट्रोजेनचे रिसेप्टर कमी होतात आणि जे आहेत तेही पूर्वीसारखे वागत नाहीत. ज्या थरातून नायट्रिक ऑक्साइड यायला हवा, तोच थकलेला असतो.

म्हणजे इथपर्यंत: स्वतःच्या अंडाशयाचं इस्ट्रोजेन धमन्या सैल ठेवतं, तोंडावाटे घेतलेलं यकृतामार्गे बीपी थोडं वर ढकलू शकतं, आणि उशिरा दिलेलं फारसं कामाचं नाही.

मग पाळी जाताना बीपी वाढतं ते इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळेच का? काही अंशी. बायकांच्या धमन्यांचा ताठपणा शेवटच्या पाळीच्या आगे-मागे एका वर्षात एकदम वेग घेतो, हे मोठ्या पाहणीत दिसलंय. महाधमनी तरुणपणी प्रत्येक ठोक्याला फुगून धक्का झेलते. उन्हात पडून कडक झालेल्या रबरी पाइपासारखी ती झाली की तोच धक्का वरच्या बीपीचा आकडा चढवतो. त्याच काळात वजन पोटावर सरकतं, झोप मोडते, घोरणं वाढतं, सिम्पथेटिक नसांचा, म्हणजे ठोके आणि बीपी वाढवणाऱ्या नसांचा, ताण वाढतो. यातलं किती इस्ट्रोजेनमुळे आणि किती वयामुळे, हे एका बाईपुरतं वेगळं काढता येत नाही. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. हे सगळं आपल्याकडे त्यामुळे चार-पाच वर्षं आधीच सुरू होतं.

यातल्या मिठाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण ते तुमच्या हातात आहे. पाळी गेल्यावर शरीर मिठाला जास्त संवेदनशील होतं. ज्या स्त्रियांची अंडाशयं शस्त्रक्रियेत काढली, त्यांच्यात हे काही महिन्यांतच दिसलं: ऑपरेशनआधी मीठ वाढवलं तरी बीपी न हलणाऱ्या अनेकींचं बीपी नंतर हलायला लागलं. म्हणून 'मी तर आयुष्यभर हेच खातेय, तेव्हा काही झालं नाही' हे वाक्य खरं असूनही उपयोगाचं नसतं. दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा; त्यात भाजी-आमटीतलंही आलं. आपल्या घरांत आमटीपेक्षा ताटाच्या डाव्या बाजूनं मीठ जास्त येतं: लोणचं, पापड, सांडगी मिरची, ठेचा. आगरी-कोळी घरांत सुकट आणि सुके बोंबील. संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना फरसाण, चहाबरोबर खारी. सैंधवानं बीपी वाढत नाही असं मला आठवड्याला कोणीतरी सांगतंच. सैंधव हेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. रंग वेगळा म्हणून धमनी फसत नाही. पोटॅशियम घातलेलं 'लो सोडियम' मीठ कामाचं आहे, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं.

आता तुमच्या १५२/९४ कडे. हा एक आकडा आहे, निदान नाही. शिबिरात गर्दीत, बोलता बोलता, उभ्यानं किंवा खांद्यापर्यंत बाही कोंबून घेतलेलं बीपी सहज दहा-पंधरा अंकांनी चढं येतं. वाफ येत असताना किंवा स्टेशनचा जिना चढून आल्या आल्या मोजलं तरी तसंच. दंडावर बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर पट्टा मोठा मागून घ्या, छोट्या पट्ट्यानं आकडा खोटा वाढतो. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून शांत बसा, बोलू नका. सकाळी चहाआधी दोनदा, रात्री जेवणाआधी दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो उच्च रक्तदाब धरायचा. कधी १८०/१२० दिसलं आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, दिसायला अंधूक होणं यातलं काही असेल, तर मोजत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.

बीपी खरंच वाढलेलं निघालं तर हॉर्मोनला जबाबदार धरण्याआधी मी काही गोष्टी शोधते. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन रोज चालू आहे का? ही औषधं मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी वाढवतात. सर्दीच्या गोळीत फेनिलेफ्रीन आहे का? 'पाळीच्या तक्रारींसाठी नैसर्गिक' म्हणून घेतलेल्या एखाद्या चूर्णात ज्येष्ठमध आहे का? घशासाठी कधीतरी चघळलेल्या काडीनं काही होत नाही, पण रोज चमचा-चमचा पोटात गेलं तर ज्येष्ठमध बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. थायरॉइड, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी एवढ्या तपासण्या करते. नवरा 'ही आता घोरायला लागलीय' म्हणाला तर झोपेतल्या श्वासाची तपासणी सुचवते.

आणखी एक गोष्ट मी नेहमी विचारते, ती म्हणजे पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. गौरी-गणपती, घरातलं लग्न, सत्यनारायण आला की मेडिकलमधून परस्पर आणलेल्या नॉरएथिस्टेरोनच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात, बहुधा ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. ही प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी, म्हणून इस्ट्रोजेनचा प्रश्नच नाही असं सगळ्यांना वाटतं. पण या मात्रेत तिचा काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडायॉलमध्ये बदलतो आणि परिणाम छोट्या गर्भनिरोधक गोळीएवढा होऊ शकतो. बीपी वाढलेलं असताना, पूर्वी गाठ झालेली असताना ती स्वतःच्या मनानं घेऊ नका. पाळी आली म्हणून गौरीचं काही बिघडत नाही, असं मी तरी स्पष्ट सांगते.

आता मूळ प्रश्न. बीपी उतरवण्यासाठी हॉर्मोन घ्यायचे का? नाही. त्वचेवाटे दिलेल्या इस्ट्राडायॉलनं बीपी तसंच राहतं किंवा किंचित उतरतं. औषध म्हणून अवलंबून राहावं इतकं नाही. १५० च्या घरातलं बीपी १३० खाली आणायचं तर बीपीचीच गोळी लागते.

आणि बीपी आहे म्हणून हॉर्मोन टाळायचेच का? तेही नाही. वाफांनी झोप उडत असेल, वय साठच्या आत असेल, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील आणि कर्करोग, गाठ, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा चालू आजार, कारण न समजलेला रक्तस्राव यांपैकी काही नसेल, तर हॉर्मोन हा वाफांवरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. मी आधी बीपी आटोक्यात आणते आणि मग स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवते की आता सुरू करायला माझी हरकत नाही, मात्र शक्यतो त्वचेवाटे. भारतात इस्ट्राडायॉलचं जेल मिळतं. ते दंडावर किंवा मांडीवर रोज चोळायचं. यकृतावरचा पहिला मारा चुकतो, आणि नेहमीच्या मात्रेत रक्ताच्या गाठींचा धोकाही गोळीसारखा वाढत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात पंचेचाळिशीपुढच्या १,१२,२४० स्त्रियांच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष आला की फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्यांपैकी गोळी घेणाऱ्यांना उच्च रक्तदाब होण्याचं प्रमाण त्वचेवाटे घेणाऱ्यांपेक्षा १४ टक्के जास्त होतं. हा पाहणीचा अभ्यास आहे, प्रयोग नाही. तरी यंत्रणेशी जुळतो, म्हणून मी त्याला वजन देते.

गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका होतो. त्यात मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कणांचं) प्रोजेस्टेरॉन मला बरं वाटतं: बीपीला त्रास देत नाही आणि रात्री घेतलं तर थोडी झोपही लागते. फक्त योनिमार्गाचा कोरडेपणा, लघवीची जळजळ एवढीच तक्रार असेल तर तिथं लावायची इस्ट्रोजेनची क्रीम पुरते. ती रक्तात फारच थोडी उतरते आणि बीपीच्या दृष्टीनं काळजीचं कारण नाही.

हॉर्मोन नकोच असतील तर वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधं देतात. ती कामाची आहेत, पण त्यातलं हेच औषध काहींचं बीपी वाढवतं, म्हणून सुरू केल्यावर मोजत राहायचं.

एक वेगळी परिस्थिती इथे सांगितलीच पाहिजे, कारण हे उत्तर वाचणाऱ्यांत अशा काही जणी असतील. चाळिशीच्या आत 'पिशवी काढली' आणि सोबत अंडाशयंही काढली गेली, अशा बायका मला दर काही दिवसांनी भेटतात, आणि अनेकींना अंडाशयं काढली की ठेवली हेच माहीत नसतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर महिलांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये विधिमंडळात चर्चा होऊन सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. अंडाशयं लवकर गेली की धमन्यांचं संरक्षण दहा-पंधरा वर्षं आधी जातं, हृदयविकाराचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. अशा बाईला काही आडकाठी नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यावेत अशीच शिफारस आहे. त्यांना २००२ च्या अभ्यासाची भीती लागू होत नाही. त्या अभ्यासातल्या बायका त्यांच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठ्या होत्या. डिस्चार्ज कार्ड काढून बघा, अंडाशयांबद्दल काय लिहिलंय ते.

बीपीची गोळी लागलीच तर तुमच्या वयात दोन-तीन गोष्टी बघून निवडते. टेल्मिसार्टनसारखी औषधं चांगली आहेत, पण गरोदरपणात बाळाला घातक. पाळी अनियमित आहे म्हणजे गर्भ राहणारच नाही असं नसतं. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं गर्भनिरोधक लागतं. तुमच्यासाठी त्यात कॉपर-टी सोयीची, बीपीशी तिचा संबंध नाही. अॅम्लोडिपिननं घोट्यांवर सूज येण्याचं प्रमाण बायकांत जास्त आहे. ट्रान्स-हार्बर लोकलच्या दारात उभ्यानं प्रवास करणाऱ्या बाईला तो त्रास लवकर जाणवतो, अशा वेळी डोस कमी ठेवून दुसरं औषध जोडता येतं. थायाझाइड जातीची लघवीची गोळी लघवीवाटे जाणारं कॅल्शियम वाचवते, म्हणून हाडांनाही बरी, पण बायकांत तिनं सोडियम उतरू शकतं, तेव्हा सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासायचं.

चालणंही औषधात धरा. वेगानं चालताना रक्ताचा ओघ वाढतो, तो आतल्या थराला घासत जातो आणि त्या घर्षणानं नायट्रिक ऑक्साइड सुटतो. या वाटेला इस्ट्रोजेनची गरज लागत नाही. आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. ठाण्यात उपवन किंवा तलावपाळीला, तुमच्याकडे सोसायटीच्या आवारातही चालेल.

शेवटचं तुम्ही विचारलंत, एकदा गोळी लागली की जन्मभर का? अनेकींना लागते, कारण धमनीचा ताठपणा मागे फिरत नाही. पण ज्यांचं बीपी थोडंच वाढलेलं असतं आणि ज्या पाच-सहा किलो वजन उतरवतात, मीठ आवरतात, झोप सुधारते, त्यांच्यात डोस कमी झालेला आणि क्वचित गोळी थांबलेलीही मी पाहते. हे मात्र घरच्या नोंदी समोर ठेवून, हळूहळू करायचं असतं. एप्रिल-मेच्या घामात बीपी आपोआप काही अंकांनी उतरतं आणि वाटतं की गोळी नको. डिसेंबरात तेच परत चढतं. म्हणून थांबवली तरी निदान एक हिवाळा जाईपर्यंत दर आठवड्याला मोजत राहा.